‘आपण उन्हासाठीच घडलो आहोत’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

उन्हाळा तापू लागला की एक लांबलचक मजकूर व्हॉट्सॲपच्या गटागटांतून फिरू लागतो. मथळा थोडाफार बदलतो, पण आतला युक्तिवाद तोच असतो. माणसाचे शरीर ज्या हवामानात राहते त्याला ते आपोआप जुळवून घेते आणि ही जुळवणूक मुलाबाळांना वारशाने मिळते, असे त्यात प्रारंभीच ठामपणे सांगितलेले असते. पुढे उदाहरणे येतात. तिबेटात राहणाऱ्यांचे रक्त दाट झाले, म्हणून त्यांना विरळ हवेचा त्रास होत नाही. आफ्रिकेतले लोक उन्हात राहून काळे झाले, युरोपातले थंडीत राहून गोरे झाले. समुद्रात बुड्या मारणाऱ्या बाजाऊ लोकांची प्लीहा बुड्या मारून मारून मोठी झाली. एस्किमो नुसते मांस आणि चरबी खातात, तरी त्यांना हृदयविकार ठाऊक नाही. थंड मुलखातली माणसे धिप्पाड असतात आणि आपण लहानखुरे, तेही उष्णतेला जुळवून घेतल्यामुळेच. शेवटी, ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडलेला असतो, ते तात्पर्य येते : भारतीय माणूस हजारो वर्षे उन्हात घडलेला आहे, तेव्हा उष्माघाताचे सरकारी इशारे आणि ड जीवनसत्त्वाच्या तपासण्या ही आपल्याला घाबरवून माल खपवण्याची युक्ती आहे.

हा मजकूर निव्वळ खोटा असता तर त्याला उत्तर देण्याचे कारण नव्हते. त्यातली नावे खरी आहेत, काही निरीक्षणेही खरी आहेत; चूक आहे ती कार्यकारणभावात. मानवी शरीर परिस्थितीशी तीन वेगवेगळ्या गतींनी जुळते आणि मजकूर लिहिणाऱ्याने या तिन्हींची सरमिसळ केली आहे. पहिली गती दिवसांची आहे : उन्हात किंवा उंचावर गेल्यावर घाम, नाडी, श्वास आणि रक्त यांत होणारे बदल काही दिवसांत वा आठवड्यांत येतात आणि परतल्यावर ओसरतात. दुसरी बालपणाची : वाढीच्या वयात मिळालेले अन्न, हवा आणि ऊन शरीराला एक घडण देतात, ती त्या माणसापुरती कायम राहते आणि त्याच्याबरोबर संपते. तिसरी शेकडो पिढ्यांची : लोकसमूहात असलेल्या जनुकभेदांपैकी एखादा भेद बाळगणारी मुले थोडी अधिक जगतात, तो नसलेली थोडी कमी जगतात आणि त्या भेदाचे प्रमाण हळूहळू वाढत जाते. मजकूर ज्या वारशाबद्दल बोलतो तो या तिसऱ्या गतीतच मिळतो आणि तो कोणाच्या सवयीने किंवा सोसण्याने घडत नाही. तो बालमृत्यूंनी, गर्भपातांनी आणि कधी न झालेल्या अपत्यांनी घडतो.

प्रथम तिबेट, कारण या विषयावरचे सर्वांत सखोल संशोधन तिथलेच आहे आणि मजकुराने ते नेमके उलटे सांगितले आहे. समुद्रसपाटीच्या तुलनेत ४,००० मीटर उंचीवर हवेचा दाब, आणि म्हणून प्रत्येक श्वासातला प्राणवायू, सुमारे ६० टक्केच असतो. सपाटीवरचा माणूस तिथे काही आठवडे राहिला की त्याची मूत्रपिंडे एक संप्रेरक अधिक सोडतात, हाडांतला मगज अधिक तांबड्या पेशी तयार करतो आणि रक्त खरोखरच दाट होते. परंतु तिबेटी लोकांत हेच फारसे घडत नाही. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ सिंथिया बील यांनी साधारण ४,००० मीटर उंचीवर राहणाऱ्या दोन समाजांची तुलना केली, तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातील आयमारा पुरुषांचे सरासरी हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १९.२ ग्रॅम भरले, तर तिबेटी पुरुषांचे १५.६ ग्रॅम. दुसरा आकडा मुंबईतल्या एखाद्या निरोगी पुरुषाच्या अहवालातही सहज दिसेल असा आहे.

रक्त दाट होणे ही देणगी नसून दुधारी गोष्ट आहे, हे पेरू देशातले वैद्य कार्लोस मोंगे यांनी १९२५ साली दाखवून दिले. उंचावर वर्षानुवर्षे राहिलेल्या काही माणसांत तांबड्या पेशी इतक्या वाढतात की रक्त घट्ट होऊन नीट वाहत नाही. डोके दुखते, धाप लागते, ओठ निळे पडतात, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा हृदयाचा उजवा भाग थकत जातो. हा विकार आजही मोंगे यांच्या नावाने ओळखला जातो. अँडीजमध्ये तो बऱ्यापैकी आढळतो, तिबेटी लोकांत क्वचित. उंचीवर रक्त दाट होते हे शरीराचे पहिल्या गतीचे, घाईचे उत्तर आहे. तिबेटी लोकांना वारशाने मिळाले आहे ते हे घाईचे उत्तर दाबून धरण्याचे सामर्थ्य. त्यांच्यात श्वासाची गती अधिक असते, रक्तवाहिन्या रुंद ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण जास्त असते आणि पेशी न वाढवता रक्तप्रवाह वाढवून काम भागवले जाते.

हे सामर्थ्य कुठून आले याचा शोध २०१० साली लागला. प्राणवायूच्या कमतरतेची सूचना शरीराला देणारे ईपीएएस-१ नावाचे जनुक आहे. त्याचे एक विशिष्ट रूप तिबेटी नमुन्यांत ८७ टक्के आणि त्यांच्याशी जवळचे नाते असलेल्या हान चिनी नमुन्यांत ९ टक्के आढळले. एवढा फरक एवढ्या जवळच्या दोन समाजांत निव्वळ योगायोगाने पडत नाही. तो जोरकस नैसर्गिक निवडीचा पुरावा मानला जातो. २०१४ मध्ये याहून विलक्षण गोष्ट पुढे आली : हे रूप तिबेटी पूर्वजांना डेनिसोव्हन या लुप्त झालेल्या मानवशाखेशी झालेल्या संकरातून मिळाले होते. या शाखेची ओळख सायबेरियातल्या एका गुहेत सापडलेल्या बोटाच्या हाडाच्या तुकड्यावरून झाली होती. पुढे तिबेटी पठाराच्या कडेला ३,२८० मीटर उंचीवरील गुहेत मिळालेला, किमान १ लाख ६० हजार वर्षांपूर्वीचा जबडा त्याच शाखेचा असल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. म्हणजे तिबेटी माणसाचे सुप्रसिद्ध वैशिष्ट्य तो उंचावर राहिल्यामुळे त्याच्या शरीरात उगवले नाही. ते दुसऱ्या मानवजमातीकडून आलेले एक जुने जनुक होते, जे सपाटीवर बहुधा कोणाच्या फारसे उपयोगी पडले नसते.

इथिओपियाच्या डोंगराळ भागातले अम्हारा लोक या चर्चेत हमखास विसरले जातात. ३,५३० मीटर उंचीवर त्यांचे हिमोग्लोबिन आणि रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण, दोन्ही जवळजवळ समुद्रसपाटीवरच्या माणसासारखे आढळले, जे तिबेटी आणि आयमारा या दोघांहून वेगळे आहे. हवामानच शरीरावर आपली खूण थेट उमटवत असते, तर एकाच विरळ हवेने तीन खंडांत तीन वेगळी शरीरे का घडवली असती? प्रत्येक ठिकाणी निवडीच्या हाती जे जनुकभेद उपलब्ध होते त्यांतून तिने काम काढले, हेच उत्तर या तफावतीला लागू पडते.

आता मजकुरातला ‘कोणीही दोन पिढ्या राहिला की तसाच होतो’ हा पोटदावा. याची परीक्षा इतिहासाने घेतलेली आहे. बोलिव्हियातले पोतोसी हे चांदीच्या खाणींचे शहर स्पॅनिश लोकांनी १५४५ मध्ये सुमारे ४,००० मीटर उंचीवर वसवले. तिथल्या स्थानिक स्त्रियांना मुले होत आणि ती वाढत. स्पॅनिश जोडप्यांची मुले मात्र जन्मतःच किंवा पहिल्या काही दिवसांतच दगावत. सतराव्या शतकातला धर्मगुरू आंतोनियो दे ला कालांचा याने लिहून ठेवले आहे की स्पॅनिश आईबापांचे पहिले मूल तिथे जगले ते शहर वसल्यानंतर ५३ वर्षांनी, आणि लोकांनी त्याचे श्रेय एका संताच्या कृपेला दिले. आजही उंचीवर जन्मणाऱ्या बाळांचे वजन दर हजार मीटरमागे साधारण १०० ग्रॅमने घटते; तिबेटी बाळांत ही घट त्याच उंचीवरच्या हान चिनी बाळांपेक्षा कमी दिसते. ‘जुळवून घेणे’ या सोज्वळ शब्दांमागे प्रत्यक्षात काय घडत आले असेल, याची कल्पना पोतोसीच्या त्या अर्धशतकावरून यावी.

विमानाने तीन-चार तासांत लेहला उतरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पर्यटकांशीही याचा थेट संबंध आहे. लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारतीय सैन्याच्या तुकड्या सपाटीवरून एकदम हिमालयात चढवाव्या लागल्या, तेव्हा लष्करी डॉक्टरांनी विरळ हवेच्या आजाराची १,९२५ जवानांवरची निरीक्षणे नोंदवली. या विषयावरच्या जगातल्या मोठ्या अभ्यासांत त्यांची गणना होते. ते जवान तरुण, धडधाकट आणि कसलेले होते. त्यांच्यावर उपाय ठरला तो टप्प्याटप्प्याने चढण्याचा, म्हणजे पहिल्या गतीला तिचा वेळ देण्याचा. पिढ्यांची वाट पाहण्याचा नव्हे.

त्वचेच्या रंगाचा दावा अधिक जुना आणि अधिक चिवट आहे, कारण ऊन लागले की आपण रापतो हे प्रत्येकाने आरशात पाहिलेले असते. रापणे हे पहिल्या गतीचे काम आहे. शेतात आयुष्य काढलेल्या आईचे मूल त्यामुळे सावळे जन्मत नाही. वारशाने येणाऱ्या रंगाची भौगोलिक मांडणी कशाशी जुळते हे नीना जॅब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली दाखवले : तापमानाशी नव्हे, तर जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांच्या मात्रेशी. त्यांच्या मांडणीनुसार गडद त्वचा रक्तातील फोलेट हे जीवनसत्त्व अतिनील किरणांपासून वाचवते, आणि फोलेटच्या कमतरतेने गर्भातल्या बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहू शकतो. उलट जिथे हे किरण कमी, तिथे ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी फिकट त्वचा फायद्याची ठरते. यात थंडीची भूमिका कुठेच नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडचे टास्मानिया बेट ४२ अंश दक्षिण अक्षांशावर, चांगलेच थंड. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षे तिथे राहूनही सावळेच राहिले. आर्क्टिकमधले इनुइट, ज्यांना मजकूर एस्किमो म्हणतो, तेही युरोपीयांइतके फिकट नाहीत, आणि त्याचे एक संभाव्य कारण असे की मासे आणि सागरी प्राणी यांतून त्यांना ड जीवनसत्त्व भरपूर मिळत असे.

‘काळे झाले’ या क्रियापदातच मजकुराने इतिहास उलटा केला आहे. अंगावरचे दाट केस गेल्यानंतरच्या आपल्या आफ्रिकी पूर्वजांची त्वचा गडदच असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. नंतर झाला तो फिकेपणा, आणि तोही आश्चर्य वाटावे इतका अलीकडे. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील एका गुहेत १९०३ मध्ये सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. २०१८ मध्ये त्याच्या जनुकांवरून बांधलेला अंदाज असा निघाला की त्याची त्वचा गडद आणि डोळे निळसर असावेत. जनुकांवरून रंग सांगणे हा संभाव्यतेचा हिशेब असतो, हे मान्य. पण स्पेनमधल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या शिकारी माणसाच्या जनुकांनीही २०१४ मध्ये तेच चित्र दाखवले होते. हे दोघेही अशा समूहांतले होते ज्यांनी युरोपात पिढ्यान्‌पिढ्या थंडी काढली होती. फिकट रंगाची प्रमुख जनुकरूपे तिथे सर्रास झाली ती मुख्यतः पुढे आनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आलेल्या शेतकऱ्यांबरोबर आणि गवताळ मैदानांतून आलेल्या पशुपालकांबरोबर, आणि त्यानंतरच्या निवडीने.

भारताच्या बाबतीत तर हा दावा आपल्या घरातच मोडतो. झेब्राफिश या माशाच्या अभ्यासातून २००५ मध्ये कळलेल्या एसएलसी-२४-ए-५ या जनुकाचे फिकट रंगाशी जोडलेले रूप युरोपात जवळपास प्रत्येकात आहे, आणि ते दक्षिण आशियातही मोठ्या प्रमाणावर आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवविज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात असे आढळले की भारतीयांतले हे रूप आणि युरोपीयांतले रूप एकाच मूळ उत्परिवर्तनातून आलेले आहे, आणि भारतात त्याचे प्रमाण अक्षांशाबरोबरच भाषा, समाज आणि स्थलांतराचा इतिहास यांप्रमाणे बदलते. एकाच गावात, एकाच उन्हाखाली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या दोन जातींचे रंग सरासरीने वेगळे असू शकतात, कारण त्यांनी रोटीबेटी कोणाशी केली हे ठरलेले होते. इतकेच कशाला, सख्ख्या भावंडांत एक उजळ आणि एक सावळे असते आणि त्यावरून आपल्याकडे लग्नाच्या बाजारात जे काही बोलले जाते ते सर्वांना माहीत आहे. सूर्याने त्या दोघांत भेदभाव केलेला नसतो.

याच ओघात ड जीवनसत्त्वाचा निकाल लावून टाकू. ‘इतके ऊन असताना भारतीयांना ते कमी पडेलच कसे’ हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. ते त्वचेत तयार होते त्यासाठी ऊन अंगावर पडावे लागते. दिवसभर घरात किंवा कचेरीत असणे, अंगभर कपडे, शहरांतली धुरकट हवा आणि आहारातला तुटवडा या गोष्टी मधे येतात, आणि गडद त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व बनवायला अधिक वेळ ऊन लागते. भारतीय शहरांतल्या पाहण्यांत ही कमतरता वारंवार आणि मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. मजकुराच्या बाजूने एवढे म्हणता येईल की डॉक्टरांना न विचारता मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणे खरोखरच घातक आहे. पण त्याचा उन्हात घडलेल्या शरीराशी काही संबंध नाही.

बाजाऊ लोकांचे उदाहरण मजकुराने निवडले हे त्याचे दुर्दैव म्हटले पाहिजे. इंडोनेशिया आणि आसपासच्या समुद्रांत पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीसाठी बुड्या मारणाऱ्या या लोकांची प्लीहा, जिला आपल्याकडे पाणथरी म्हणतात, शेजारच्या सालुआन शेतकऱ्यांपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी आढळली, हे २०१८ मधले संशोधन खरे आहे. बुडी मारल्यावर प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, म्हणून मोठी प्लीहा उपयोगी. परंतु त्याच अभ्यासात हेही दिसले की आयुष्यात कधी बुडीचा व्यवसाय न केलेल्या बाजाऊंची प्लीहाही तितकीच मोठी होती. सरावाने ती वाढली असती तर असे दिसले नसते. फरक एका जनुकाच्या रूपाशी जोडलेला निघाला. सरावाचेच उदाहरण हवे होते तर ते थायलंड-म्यानमारच्या किनाऱ्यावरील मोकेन लोकांत सापडले असते. स्वीडिश संशोधक ॲना गिसलेन यांना २००३ मध्ये आढळले की मोकेन मुलांना पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुप्पट स्पष्ट दिसते, कारण ती बुडी मारताना बाहुल्या जाणीवपूर्वक आकसू शकतात. पण पुढे स्वीडनमधल्या मुलांना सराव दिला तेव्हा त्यांनाही ते जमले. समुद्रावर जगणारे दोन समाज शेजारशेजारच्या पाण्यांत. एकाचे वैशिष्ट्य वारशाचे, दुसऱ्याचे शिकलेले, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटणार.

एस्किमोंचा मुद्दा लवकर संपवता येतो. ग्रीनलंडच्या इनुइटांना हृदयविकार होत नाही ही कल्पना १९७० च्या दशकातल्या डॅनिश संशोधनातून पसरली. २०१४ मध्ये उपलब्ध नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा हृदयविकाराचे प्रमाण इतरांइतकेच आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचे प्रमाण जास्त असल्याचे दिसले. त्यांच्या आहाराला त्यांची जनुके जुळली आहेत हे मात्र खरे : मेदाम्ले हाताळणाऱ्या जनुकांचे एक रूप ग्रीनलंडच्या इनुइटांत जवळजवळ सर्वांत आहे, युरोपीयांत सुमारे २ टक्के. त्यावरून आपण काय खावे याविषयी काहीच निष्पन्न होत नाही, उलट त्यांचा आहार त्यांनाच का सोसतो एवढे कळते. आर्क्टिक समाजांत सर्रास आढळणारे चरबीच्या ज्वलनाशी संबंधित दुसरे एक जनुकरूप लहान बाळांत उपाशीपोटी साखर घसरण्याशी आणि अधिक बालमृत्यूंशी जोडले गेले आहे. निवड म्हणजे सुधारणा नव्हे, हे यावरून दिसतेच. पण महाराष्ट्राला त्यासाठी ध्रुवापर्यंत जाण्याची गरज नाही. सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक विकार त्याचे इथलेच उदाहरण आहे. या जनुकाची एक प्रत असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. दोन प्रती असलेल्या मुलाच्या वाट्याला आयुष्यभराचा रोग येतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात ज्या घरांत मुलांची हाडे दुखतात, रक्त चढवावे लागते, ती घरे मलेरियाच्या प्रदेशात टिकून राहिलेल्या पूर्वजांच्या त्या संरक्षणाची किंमत आज मोजत आहेत.

लहानखुरेपणाचा दावा मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो. थंड प्रदेशातील प्राण्यांचे देह मोठे आणि हातपाय आखूड असण्याकडे कल असतो, हे कार्ल बर्गमान आणि जोएल ॲलन यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले आणि माणसांतही ते काही प्रमाणात दिसते : दक्षिण सुदानमधले उंच, सडपातळ दिंका आणि आखूड हातापायांचे इनुइट ही त्याची दोन टोके. मात्र दिंका जगातल्या अतिउष्ण प्रदेशात राहूनही जगातल्या उंच लोकांत मोडतात, हे मजकूर विसरतो. शिवाय १९५३ मध्ये रॉबर्ट्स या संशोधकाने मोजलेला तापमान आणि वजन यांचा संबंध १९९८ मध्ये पुन्हा तपासला तेव्हा तो बराच सैल झालेला आढळला, कारण मधल्या काळात उष्ण प्रदेशांतल्या अनेक समाजांचा आहार सुधारला होता. ग्वातेमालातून यादवीमुळे अमेरिकेत गेलेल्या माया कुटुंबांची मुले मायदेशातल्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर उंच भरली, आणि तेही एका पिढीत. जनुके तीच, ताटातले अन्न आणि पिण्याचे पाणी वेगळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. दुसऱ्या गतीच्या या हानीला हवामानाशी साधलेला मेळ म्हणणे म्हणजे कुपोषणाला परंपरेचा सन्मान देणे होय.

राहिला मुख्य मुद्दा, उष्णतेचा. घामावाटे अंग थंड करण्याची क्षमता ही भारतीयांची मिरास नाही. ती साऱ्या मानवजातीची आहे, आणि प्रत्येकाच्या अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यांपैकी किती काम करू लागतील हे बहुतांशी पहिल्या काही वर्षांत ठरते, असे जपानी शरीरशास्त्रज्ञ यास कुनो यांना आढळले होते : उष्ण प्रदेशात जन्मलेल्या जपान्यांत चालू ग्रंथी जास्त होत्या, मोठेपणी तिथे गेलेल्यांत नव्हत्या. म्हणजे ही दुसरी गती. पहिली गती त्याहून महत्त्वाची : रोज उन्हात श्रम केले तर १० ते १४ दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, नाडी कमी उसळते, घाम लवकर फुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. काही आठवडे सावलीत काढले की हे सारे ओसरते. त्यामुळे मे महिन्यात रस्त्यावर खडी पसरणारा मजूर आणि वातानुकूलित कचेरीत बसणारा त्याचा सख्खा भाऊ यांची उष्णता सोसण्याची ताकद वेगळी असते, पूर्वज तेच असले तरी.

सरावालाही छत आहे. शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचे तर त्वचा त्याहून थोडी थंड हवी आणि घाम उडून जायला हवा. हवा दमट असेल तर घाम नुसता ओघळतो, उडत नाही. म्हणून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा पाहतात. तो ३५ अंशांवर गेला तर निरोगी माणूसही सावलीत बसून काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे गणित २०१० मध्ये मांडले गेले होते. प्रयोगशाळेत तरुण, सुदृढ व्यक्तींना प्रत्यक्ष तपासले तेव्हा २०२२ मध्ये ही सीमा दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच आढळली. वयस्कर, मधुमेही, गरोदर आणि लघवी वाढवणारी औषधे घेणारे यांची सीमा त्याहून अलीकडे असणार. कोकणपट्टीत तापमान चाळिशीच्या आत असूनही जीव कासावीस होतो तो याचमुळे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर १४ जण उष्माघाताने दगावले, तेव्हा त्या परिसरात नोंदलेले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. मजकुराच्या तर्काप्रमाणे ही सारी माणसे उन्हासाठीच घडलेली होती.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिलाच. ज्यांना मजकूर थोतांड म्हणतो ते इशारे अशाच आराखड्यांतून येतात. त्यांत दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय आणि कामाच्या वेळा बदलणे या गोष्टी असतात, आणि त्या पहिल्या गतीला धरून आखलेल्या आहेत. तिबेटी लोकांतले ते जनुकरूप सर्वत्र पसरायला शेकडो पिढ्या लागल्या. शहरांचे उन्हाळे मात्र एका माणसाच्या आयुष्यात बदलत आहेत. उन्हात काम करताना होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक कामाच्या पहिल्या काही दिवसांत होतात, असा अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा यंत्रणांचा अनुभव आहे. म्हणून तिथे नव्या मजुराला पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या एक पंचमांशच उन्हात काम द्यावे आणि रोज तेवढीच भर घालत जावे, असा दंडक सुचवला जातो; गावी लग्नकार्यासाठी महिनाभर जाऊन परतलेल्या जुन्या मजुरालाही पुन्हा थोडक्यातूनच सुरुवात करू द्यावी लागते.